सरळ केलेली वेल

सारायेव्होच्या ट्राम थांब्यावर रासिमाच्या मागे तांबट बाप आणि त्याची लेक उभे होते. ट्रामचा पत्ता नव्हता, आणि त्या दोघांच्या बोलण्याकडे कानाडोळा करणं रासिमाला जमेना.

"बाबा, पर्यटक स्वतः ठोकून नक्षी शिकायला येतात. त्यांच्या ताटल्यांना तुम्ही हात का लावता?"

"एनिसा, त्या ताटलीवर वेल होती की गांडूळ? आपल्या दुकानातून तसलं बाहेर जाऊ द्यायचं?"

"त्या म्हाताऱ्या पर्यटकाचा हात थरथरतो. त्यांच्या मुलीला तीच थरथर हवी होती, आठवण म्हणून. तुम्ही रात्रीतून सगळी सरळ केलीत. ती दुकानाबाहेर रडत बसलीय."

"कुठे मेली ही ट्राम? मी माफी मागतो त्या म्हाताऱ्यांची. फार चिडलेत का?"

"ते? ते खूश आहेत. ती वेल आपणच काढली असं वाटतंय त्यांना. हात बरा झाला म्हणतात."

"अरे देवा."

"आता दुसरी ताटली मागितलीय. सगळ्यांसमोर काढून दाखवणार आहेत. म्हणून तर तुम्हाला न्यायला आले."

ट्राम आली. रासिमा चढली आणि दारातच वळून उभी राहिली.

"बाबा, चढा ना!"

"ही जाऊ दे. पुढच्या ट्रामनं जाऊ."