गुणी पोराची धडक

काल बर्फावरच्या हॉकीत कोल्बीने लाइन्समन ओरेस्टला मागून असं उडवलं, की वरून त्याला अख्खा सस्कॅचेवान प्रांत दिसला म्हणे. मुद्दाम की चुकून, हे पाठमोऱ्या ओरेस्टला कळलं नव्हतं. त्याने सामन्याच्या अहवालात ‘मुद्दाम’ लिहिलं, तर कोल्बीची फायनल बुडणार. सुजलेलं नाक मफलरमध्ये दडवून ओरेस्ट रिंकवरच्या कॉफीच्या रांगेत उभा होता. पुढे कोल्बीची आई डोरीन आणि शेजारीण मॅव्हिस यांची जुंपली होती.

“मुद्दाम नव्हतं गं. पकच्या चकतीमागे धावत होता तो.”

“पक दुसऱ्या टोकाला होता, डोरीन.”

“मग तोल गेला असेल.”

“त्याचा? रांगायच्या आधी स्केट्स घातलेत त्याने.”

“तो लाइन्समनच मध्ये कडमडला, खांबासारखा.”

“खांबाला वळसा घालता येतो की.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस गं?”

“कॉफीच्या. सरक पुढे.”

“माझं पोर गुणी आहे. सॉरी म्हणाला तो. मी काचेपाशीच होते.”

“आपल्याकडे दार लागलं तरी लोक दाराला सॉरी म्हणतात. तो कसला पुरावा?”

“अगं, पण बाकीची पोरं धडकल्यावर म्हणतात. हा लांबूनच म्हणाला, ‘सॉरी हं, काका’, आणि मगच गेला अंगावर. इतकं वळण आहे का कुणाच्या पोराला?”

मागे ओरेस्टने खिसे चाचपले.

“सॉरी, डोरीनबाई,” तो म्हणाला, “जरा पेन देता का?”