वाटीतला रोटर

(जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, त्यांवर गाडीचा सुटा केलेला डिस्ट्रिब्युटर. नवरा-बायको समोरासमोर.)

ती: अहो, हा माझा दात घासायचा ब्रश आहे!

तो: जुना होता.

ती: सकाळीच वापरला होता. जळलं मेलं ते यंत्र! घरभर पेट्रोलचा वास.

तो: अगं, चारही प्लगना ठिणगी हाच वाटून देतो, ज्याची त्याची वेळ साधून. गाडीचा कर्ता पुरुष आहे हा.

ती: चला, घरात एक तरी कर्ता पुरुष आला म्हणायचा.

तो: या पट्टीवरचा आकडा वाच गं जरा. पॉइंटमधली फट मोजायचीय.

ती: का? तुमचे डोळे कुठं गेले?

तो: उजेड कमी आहे.

ती: डोक्यावर ट्यूब जळतेय! आणि हे उद्या मला शेजारी बसवून लेकीकडे नेणार. घाटातून.

तो: गाडी चालवू नका, असं डोळ्यांचे डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात.

ती: शेजाऱ्यांचं फाटकही सगळेच पाडतात वाटतं?

तो: ते फाटक जरा पुढं आलं होतं.

ती: हो, बिचारं चालत आलं तुम्हाला भेटायला.

तो: रोटर कुठाय? इथं वाटीत ठेवला होता.

ती: मला काय विचारता? रोटर म्हणजे काय, हे तरी मला ठाऊक आहे का?

तो: काळा, अंगठ्याएवढा, डोक्यावर पितळी पट्टी. तो नसला तर ठिणगी पुढं जात नाही, गाडी जागची हलत नाही.

ती: मग शोधा पुस्तकात. जन्मभर ग्रंथालयात बसून तेच केलंत ना? भिंतीत एक खिळा सरळ गेला नाही कधी, आणि निघाले इंजिन जुळवायला!

तो: वाटी तू उचललीस?

ती: उचलली. धुतली. कुणीतरी कामाचं काम करायला नको?

तो: मघापासून तुझी डावी मूठ मिटलेली आहे.

ती: थंडी वाजतेय.

तो: राहू दे. माझ्या खिशात दुसरा आहे. सकाळीच आणला.

ती: सकाळी? तेव्हा तर हा वाटीतच होता.

तो: गाडी कुणी नेऊ नये म्हणून लोक रोटर काढून ठेवतात, असं या गाडीदुरुस्तीच्या पुस्तकात दिलंय. ते पान काल दुमडलेलं दिसलं. पुस्तकाचं पान मी कधी दुमडतो का?

ती: मग नवा बसवला का नाहीत मघाशीच?

तो: बसवणार होतो. पण खोक्यावर काय लिहिलंय, ते वाचता येईना. दुकानाबाहेर भर उन्हात उभा राहिलो, तरी येईना.

ती: आणि तरी दुपारभर हा पसारा?

तो: गाडी एकदा सुरू झालेली ऐकायची होती. नुसती. जागच्या जागी.

ती: हात पुढं करा. नीट धरा, आता हरवलात तर मी नाही शोधणार. हा जुनाच बसवा, किल्ली मी फिरवते. आणि मग तो नवा दुकानात परत देऊन या.

तो: आजच?

ती: आजच. चालत.