भोक पाडलेला मास्क

बायकोला स्कॅनसाठी आत पाठवून म्हातारा बसचालक बाकावर टेकला होता. शेजारी मांडीवर टोपी घेतलेला ट्रॅफिक हवालदार आणि त्याची बायको हळू आवाजात बोलत होती.

"माझ्या डोक्यात गाठ आहे, एवढंच म्हणाले ना डॉक्टर?"

"धुरात किती वर्षं उभे होतात, हेही दोनदा विचारलं."

"त्यानंच झालं, असं कुठे म्हणाले?"

"नाही म्हणाले. पण लिहून घेतलं."

"सव्वीस वर्षं एकच चौक. बिडीला कधी हात लावला नाही मी."

"बिडी कशाला लागते? अख्खा चौक ओढलात. तुमचा रुमाल धुताना पाणी काळं व्हायचं."

"मास्क लावत होतो की!"

"भोक पाडून!"

"अगं, त्याशिवाय शिट्टी कशी वाजवणार? दर वेळी मास्क खाली ओढेपर्यंत गाड्या अंगावर येतात."

"वर सगळ्या चौकीला ती युक्ती शिकवलीत."

"साहेबांनी पाठ थोपटली होती तेव्हा."

"थोपटणारच. ते काचेआड बसतात."

"बरं बाई, तू जिंकलीस. आता फोन कुणाला लावतेस?"

"लेकीला. तुमच्याच चौकात उभी आहे ना ती आता."

"तिला आजारपणाचं काही सांगू नकोस. फक्त नवा मास्क घे म्हणावं. बिनभोकाचा."

"तिच्या मास्कला भोक कुणी पाडलं?"

"मीच. ड्युटीच्या पहिल्या दिवशी, तुझ्या कात्रीनं."

"उचलत नाहीये."

"कशी उचलेल? गर्दीची वेळ आहे. शिट्टी तोंडात असेल."