एक खुर्ची, बस्स!

पाणी नको हो, आधी ऐका! चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली, निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून एकशेवीस पानांचं आठवणींचं पुस्तक लिहिलं, नाव 'रिकामी खुर्ची', आणि कव्हरवर मला काय हवं होतं? एक खुर्ची. बस्स!

चित्रकार बाई हुशार. पांढऱ्याशुभ्र कव्हरवर एक लाकडी खुर्ची, एक हात मोडलेला, वर नाव. तुम्हाला सांगतो, अगदी माझ्या मनातली खुर्ची! तिथंच थांबायचं ना? पण खोड! चौतीस वर्षांत चार जणांच्या शेऱ्यांशिवाय एक कागद पुढे सरकवला नाही, मग हा कसा सरकवणार? कव्हरच्या नमुन्याला मागच्या बाजूनं, सवयीनं न बघताच, शेऱ्यांचा कागद टाचला आणि दिला फिरवायला... घरात!

बायको म्हणाली, "अहो, रिकामी खुर्ची बघून लोकांना वाटेल, तुम्ही गेलात! फोटो टाका तुमचा, हसरा." मी खाली लिहिलं, मान्य. जावई म्हणे, "पप्पा, फार गंभीर वाटतंय, मागे उगवता सूर्य घ्या." जावयाला नाही कोण म्हणणार? मान्य! मेहुणा म्हणे, "भावोजी, अक्षरं सोनेरी करा, लांबून चमकली पाहिजेत!" मान्य! जुन्या साहेबांना फोन केला, तर, "माझा फोटो हवाच असं काही नाही हं..." म्हणजे हवाच! मान्य! आणि मला हवं काय होतं? एक खुर्ची. बस्स!

काल छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे आले. एकाची दोरी सोडली, वरची प्रत उचलली. सूर्य काय, साहेब काय, मी दात काढतोय काय, खाली कारंजं... कारंजं कुणी मागितलं हो? आणि खुर्ची? खुर्चीच नाही!

बाईंना फोन लावला. "बाई, खुर्ची कुठंय?"

"काका, शेवटचा शेरा बघा ना. 'गर्दी फार होते, खुर्ची काढावी.' खाली तुमचंच 'मान्य' आहे, सहीसकट, तारखेसकट."

माझ्याकडची शेऱ्यांची झेरॉक्स बघितली, तर अक्षर मेहुण्याचं! पण सही करण्याआधी वाचायचं असतं? चौतीस वर्षांत कोणी वाचलंय?

एवढ्यात बायकोनं पुस्तक उलटं केलं. "अगंबाई! अहो, ही बाजू बघा!" बघतो तर मागचं कव्हर पांढरंशुभ्र, मधोमध छोटीशी मोडक्या हाताची खुर्ची. नमुन्यात नेमका तिच्यावरच शेऱ्यांचा कागद टाचलेला, त्यामुळे ती कुणाला दिसलीच नव्हती, म्हणून वाचली!

"किती छान आहे हो! हेच पुढं का नाही घेतलंत? आता असं करा, पाचशेच्या पाचशे प्रती लोकांना पालथ्या द्या."

यावर मी काय म्हणणार?

मान्य.