सुकलेल्या पट्ट्या

चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग बदलायला निघालेले शरदचंद्र वेलचेरी स्टेशनच्या बाकावर बसले होते. भोवतालच्या तमिळ गलक्यात शेजारी दोघं चक्क मराठीत भांडत होती, तेव्हा त्यांचे कान आपसूक तिकडे वळले.

"अदिती, आपलं मलम लावलेल्या उंदरांची कातडी मशीनवर ओढली, तर दुप्पट ताण सोसते. आकडे मशीनचे आहेत, माझे नाहीत!"

"देवेशसर, कातडीच्या पट्ट्या पंख्याखाली उघड्या टाकून तुम्ही जेवायला गेलात. सुकलेली कातडी ताठ होणारच. जखम किती भरली, ते त्यातून कसं कळणार?"

"कंपनीला कुठे कळतंय ते?"

"ज्याच्या जखमेवर उद्या हे मलम लावतील, त्याला कळेल."

"किती वेळा तेच तेच! अहवालावर फक्त तुझी सही राहिलीय."

"ती राहणारच."

"अगं, परवा द्यायचाय!"

"म्हणून नव्या पट्ट्या ओल्या कापडात गुंडाळून ठेवून आलेय. उद्या सकाळी सातला पुन्हा ओढणार. तुम्ही या, नाहीतर मी एकटी करते."

गाडी फलाटाला लागली. भांडण अर्धवट सोडून तिघांपैकी कोणीच उठलं नाही.

"सातला पोचायचं तर कुठली गाडी धरायची?" देवेशसरांनी विचारलं.

"पावणेसहाची."

"कटकट आहेस नुसती."