हिच्यासाठी केलेली खोली

आमचं मूळ गाव वर्धेकडलं. बाबा इथं जबलपूरले कारखान्यात लागले तेव्हा मी कडेवर होतो म्हणे, मंग मीबी त्याच कारखान्यात फिटर झालो, रिटायर झालो, दीक्षितपुऱ्यात हे लहानसं घर घेतलं. मराठी आमची घरातल्या घरात, बाहेर पाय टाकला का हिंदी. ही, म्हणजे आमची मंडळी, कुसुम, अमरावतीची. लग्न होऊन आली तर हिले हिंदीचं अक्षर येत नव्हतं, भाजीवाल्याशी हातवारे करून भांडे, अन् जिंकून येई बरं का.

तर काय सांगू तुम्हाला, ही न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अंकल जी, घर ठीक करवा लीजिए, दोबारा गिरीं तो मुश्किल होगी. मुलगी मीना पाटनले असते, ती म्हणाली, आईला मी नेते, बाबा तुम कमरा करवा लो. नेलं तिनं.

मी लागलो कामाले. मिस्त्री आणून उंबरा काढला, न्हाणीत खरखरीत फरशी लावली, कमोड बसवलं. पलंग उंच होता, त्याचे पाय मीच करवतीनं कापले. गोहलपुरातून पाईप वेल्ड करून आणला अन् पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीले ठोकला, डोळे मिटून, पाईप धरून चालून पाहिलं, हात कुठं सुटते का म्हणून. वाटेत पायाले लागंल असं काही ठेवलं नाई, हिची शिलाई मशीन, हिची लोखंडी पेटी, आरशाचं कपाट, सारं बाहेरच्या खोलीत. शेजारचे म्हणाले, वाह भैया, होटल बना दिया. मले बी वाटलं, चलो, काम फत्ते.

मीनाचा मधात फोन आला होता, बाबा, आई मुझे कभी-कभी ताई बोलती है. म्हनलं, गोळ्यांची सुस्ती असन.

मंग ही आली. दारात उभी राहिली, खोली पाहिली, पाईपाले हात लावला अन् म्हणे, हा दवाखाना चांगला आहे, पण आता मले घरी ने. मी हसलो. म्हनलं, अवं हे घरच होय, तुझ्यासाठीच तर केलं. तर माझ्याकडे अशी पाहे, जसं मी खोटं बोलून राहिलो.

मशीन परत आणली, पेटी आणली, कपाट आणलं. काही फरक नाई. उलट पेटीले अडखळून पडता पडता राहिली, म्हणून पुन्हा सारं बाहेर. मिस्त्रीले म्हनलं, उंबरा परत बसव, तर मीना ओरडली, काहून बाबा, फिर गिरेगी तो? डॉक्टरले विचारलं. ते म्हणाले, अंकल जी, कमरे का दोष नहीं है, ये भूलने की बीमारी है, बढ़ेगी. आता फिटर माणूस मी, जिथं पेच ढिला तिथं पाना लावायचा एवढंच येते मले. इथं कुठं लावू सांगा.

पडली मात्र नाई त्यानंतर, एकदाबी नाई. पाईप धरून बरोबर जाते, बरोबर येते. रोज जेवण झालं का मी हिचे पाय दाबून देतो. काल म्हणे, भाऊ, तुम्ही खूप करता जी माझं, देव तुमचं भलं करो, घरी कोण आहे तुमच्या? म्हनलं, बायको आहे. तर म्हणे, मंग जा ना बाप्पा, वाट पाहत असन ती.

मी हो म्हनलं. बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो थोडा वेळ. मंग आलो परत.