हरभऱ्याचे डबे

येरमाळ्याच्या थांब्यावर मोटारीची वाट पाहणाऱ्या मालतीबाईंच्या शेजारी दोघी बसल्या होत्या. दोघींच्या मुली सातवीत, एकाच वर्गात, हे त्यांच्या बोलण्यावरून मालतीबाईंना कळलं.

“नीलम्मा, मागल्या हप्त्यात गुरुजींनी डब्यांत हरभरा पेरायला लावलाय. उद्या आई-बापांना दावणार.”

“ठावं हाय, गंगव्वा. तुझ्या कमळीचा डबा अंधाऱ्या कपाटात, तरी वीतभर वाढला. माझ्या सुशीचा खिडकीत, तर बोटभर! गुरुजींची मर्जीच तुझ्या पोरीवर.”

“मर्जी कशाची? चिठ्ठ्या टाकून डबे वाटले.”

“चिठ्ठ्याबी तुलाच धार्जिण्या. डब्यांवर नावाचे कागद डकवल्यात. भाकरी द्यायला गेले, तवा निरखून आले.”

“हात न्हाय ना लावलास?”

“जरासा. कागद सैल व्हते, नीट डकवले.”

“बरं. कपाटातला नुसताच उंच गं! पिवळा, आडवा पडलेला. गुरुजी म्हणाले, अंधारातलं रोप उजेडासाठी उंच व्हतं, पण त्यात जोर नसतो. खिडकीतला हिरवागार हाय म्हणून सुशीचं लई कौतुक केलं.”

“सुशीचं?”

“व्हय. उद्या तिलाच बोलायला उभी करणार... अगं, उठलीस कुठं? मोटार आली की!”

“तू हो म्होरं. भाकरीचं फडकं साळंत ऱ्हायलंय.”

“फडकं तर तुझ्या खांद्यावर हाय!”